पसंतीक्रम भरताना शाळेने सोबत असावे

महोदय,

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. २०२५ पासून ती राज्यभर लागू झाली. गुणवत्तेनुसार आणि उघडपणे प्रवेश मिळतो, हे चांगलेच आहे. पण गावाकडे अर्जाचा दुसरा भाग, म्हणजे दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम, बहुतेकदा सायबर कॅफेत घाईघाईने भरला जातो. तिथे ऐकलेली मोठी नावे वर चढतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो, हे किती पालकांना ठाऊक असते? सकाळच्या वर्गाला पोहोचेल अशी एसटीच नसलेले महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकलेली मुलगी मग काय करणार? मुलींच्या बाबतीत तर लांबचे महाविद्यालय म्हणजे कित्येकदा शिक्षणच थांबणे. याउलट, काही जण दोन-तीनच नावे भरतात, तीही सर्वाधिक कट-ऑफची, आणि फेरीमागून फेरी ताटकळतात.

मुलाचे गुण, कल आणि घरची परिस्थिती दहावीच्या वर्गशिक्षकांना माहीत असते. निकालानंतर प्रत्येक माध्यमिक शाळेने पालकांना बोलावून, मागील वर्षीचे कट-ऑफ, शुल्क आणि एसटीच्या वेळा समोर ठेवून पसंतीक्रम भरून घ्यावा. शिक्षण विभागाने तसे परिपत्रक काढावे आणि शिक्षकांचे ते दिवस इतर कामांतून मोकळे ठेवावेत.

– एक निवृत्त शिक्षिका, संगमनेर