यादीखाली हिशेबही छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्यासह बहुतेक मराठी दैनिकांच्या ऑनलाइन आवृत्त्यांत गाण्यांच्या आणि गायकांच्या क्रमवार याद्यांना सध्या ऊत आला आहे. सर्वकालीन शंभर गाणी, टॉप टेन लावण्या, तोड नसलेल्या पाच गायिका. सप्टेंबर लागला की ८ तारखेच्या आशाबाईंच्या आणि २८ तारखेच्या लताबाईंच्या वाढदिवसामुळे तर रोज एक यादी पडते. याद्या बंद करा असं म्हणणं नाही. भांडायला यादीसारखं निमित्त नाही आणि कट्ट्यावर भांडणं आम्हा कोल्हापूरकरांना वर्ज्यही नाही. तक्रार एवढीच, की क्रमांक छापला जातो आणि तो आला कुठून हे छापलं जात नाही.

क्रमांक ही शेवटी गुणांची बेरीज असते. गुण कसे द्यायचे हे कुणीतरी आधी ठरवतो आणि निम्मा निकाल तिथेच लागतो. करून पाहा. पाच जाणकारांनी आपापली दहा गाणी उतरत्या क्रमाने लिहून दिली. एका लावणीला तिघांनी पहिलं स्थान दिलं, उरलेल्या दोघांच्या कागदावर ती नाहीच. एक भावगीत मात्र पाचही जणांनी चौथ्या जागी लिहिलं. आता पहिल्याला १०, दुसऱ्याला ९ असे उतरत दहाव्याला १ गुण धरले तर लावणीचे होतात ३० आणि भावगीताचे ३५. भावगीत पुढे. तेच कागद घेऊन पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ आणि चौथ्याला १२ गुण द्या. लावणी ७५, भावगीत ६०. एकाही परीक्षकाने मत बदललेलं नाही, तरी वरचं गाणं खाली गेलं. 'लावणीने भावगीताला मागे टाकलं' असा मथळा द्यायचा की उलटा, हे गाण्यांनी ठरवलेलं नसतं, गुणांच्या तक्त्याने ठरवलेलं असतं. तो तक्ता वाचकाला दिसलाच पाहिजे.

न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाचा समीक्षकांचा वार्षिक कौल अनेक वर्षं चालला. त्यात प्रत्येक समीक्षकाला १०० गुण मिळत आणि ते त्याने दहा अल्बमांत वाटायचे असत. एका अल्बमला ३० पेक्षा जास्त देता येत नसत आणि ५ पेक्षा कमीही नाहीत. नियम जाहीर असल्यामुळे निकालाशी वाद घालायचा तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळे. आपल्याकडेही हे नवं नाही. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'गीतमाला' सुरू झाली. गाण्यांना क्रम देण्याची पद्धत त्यांनी १९५४ पासून धरली आणि त्या क्रमामागे तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती असे. त्या पद्धतीतही खोट काढता येते. दुकानात तबकडी पोचलीच नाही तर ती विकली कशी जाणार? पण खोट काढायला पद्धत माहीत होती.

दुसरी गफलत यादीच्या लांबीत असते. पाच परीक्षकांनी दहा-दहा गाणी दिली तर एकूण नावं जास्तीत जास्त पन्नास. त्यातली काही गाणी सगळ्यांच्या कागदावर येणार, म्हणजे वेगळी गाणी तीस-पस्तीसच उरतात. मग 'शंभर सर्वोत्तम' कुठून भरतात? खालची साठ-सत्तर गाणी कचेरीत बसून भरली जातात. आणि जिथे मतं आहेत तिथेही शेपटाकडच्या गाण्यांना एकेकच मत असतं, त्यामुळे ३१ व्या आणि ३५ व्या क्रमांकात फरक म्हणावा असा काही नसतो. अशा वेळी पहिल्या दहांना क्रमांक द्यावेत आणि पुढची गाणी सरळ वर्णानुक्रमाने लावावीत. यादी थोडी कमी चटकदार होईल, पण खोटी होणार नाही.

मतदार बदलले की काय होतं, हे अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या याद्यांत स्वच्छ दिसतं. त्यांनी २००४ साली सर्वोत्तम ५०० गाण्यांची यादी केली. २०२१ साली अडीचशेहून जास्त कलावंत आणि जाणकारांना विचारून ती नव्याने केली, तेव्हा ५०० पैकी २५४ गाणी आधीच्या यादीत नव्हतीच. अल्बमांच्या यादीत २००३ साली पहिला असलेला बीटल्सचा अल्बम २०२० मध्ये २४ वा झाला. सतरा वर्षांत त्या तबकडीतला एक सूरही बदललेला नाही. बदलली ती मत देणारी माणसं, त्यांची वयं आणि त्यांचं ऐकणं.

याच मासिकाने जानेवारी २०२३ मध्ये २०० गायकांची यादी काढली. तीत लताबाई ८४ व्या होत्या. आपल्याकडच्या संकेतस्थळांनी काही तासांत दोन प्रकारचे मथळे चालवले. एक अभिमानाचा, 'जगाने घेतली दखल', आणि दुसरा संतापाचा, 'लतादीदी फक्त ८४ व्या!'. ही यादी मासिकाच्या संपादकीय मंडळींनी आणि नेहमीच्या लेखकांनी केली होती, ही एक ओळ बहुतेक बातम्यांत नव्हती. ती असती तर अभिमान आणि संताप दोन्ही बेताचे राहिले असते.

आता 'व्ह्यू'वर केलेल्या याद्या. इथे माणसाचं मत नाही, आकडा आहे, म्हणून त्या खऱ्या असं वाटतं. यूट्यूबवर एकच जुनं मराठी गाणं पाच-सहा ठिकाणी असतं: कंपनीच्या चॅनेलवर, चित्रपटाच्या चॅनेलवर, शब्द दाखवणाऱ्या व्हिडिओत, चाहत्यांनी चढवलेल्या प्रतींत आणि तासाभराच्या ज्यूकबॉक्समध्ये. ज्यूकबॉक्सचा आकडा आतल्या दहा गाण्यांत कसा वाटायचा याला उत्तरच नाही. नवं गाणं मात्र एकाच अधिकृत दुव्यावर येतं आणि सगळी संख्या तिथेच साचते. यादी करणारा पहिला दुवा उघडतो, आकडा उतरवतो आणि १९६५ चं गाणं २०२० च्या गाण्यापेक्षा 'कमी लोकप्रिय' ठरवून मोकळा होतो. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. चाळीस मिनिटांचा ख्याल मन लावून ऐकला तरी एक, तेवढ्याच वेळात चार-चार मिनिटांची दहा गाणी वाजली तर दहा. या मापाने ख्याल कधीच वर येणार नाही, आणि त्यात ख्यालाचा काही दोष नाही.

शिवाय आकडा विकतही घेता येतो. जाहिरात म्हणून दाखवलेल्या गाण्याचे व्ह्यू यूट्यूब मोजत असे. २०१९ च्या जुलैत रॅपर बादशाह यांच्या 'पागल' या गाण्यासाठी २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूंचा दावा झाला, पण यूट्यूबने तो विक्रम जाहीर केला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात यूट्यूबने नियम बदलला आणि पहिल्या २४ तासांच्या विक्रमासाठी व संगीताच्या क्रमवारीसाठी जाहिरातीतले व्ह्यू धरणं बंद केलं. व्हिडिओखाली दिसणारा एकूण आकडा आणि क्रमवारीतला आकडा या तेव्हापासून दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीत कोणता घेतला, हे लिहायला हवं.

गाण्यांच्या एकूण संख्येबाबत तर कुणी साधा भागाकारही करत नाही. लताबाईंनी १९४८ ते १९७४ या काळात २५,००० गाणी ध्वनिमुद्रित केली, अशी नोंद गिनेसच्या पुस्तकात १९७४ साली आली. सव्वीस वर्षांनी भागलं तर वर्षाला साडेनऊशेवर गाणी, म्हणजे एकही सुटी न घेता रोज अडीचपेक्षा जास्त. त्या नोंदीला मोहम्मद रफी यांनी आव्हान दिलं होतं आणि १९९१ मध्ये ती पुस्तकातून काढण्यात आली. पुढे २०११ साली आशाबाईंची नोंद झाली ती ११,००० पर्यंतची, आणि २०१६ साली दक्षिणेतल्या गायिका पी. सुशीला यांची १७,६९५ ची. तरी दर सप्टेंबरात २५ हजार, ३० हजार, ५० हजार असे आकडे फिरतातच. लताबाईंचं मोठेपण या आकड्यावर अवलंबून नाही, त्यामुळे तो गाळला तर कुणाचं काही जात नाही.

मथळ्यांचं तंत्र आपल्या डेस्कला ठाऊक आहेच, पण वाचकांनाही ठाऊक असावं. नाव काढून त्या जागी अवतरण चिन्हांत 'या' किंवा 'हे' टाकायचं: 'या' गायिकेने नाकारलं होतं 'हे' गाणं. पुढे 'दुसरं नाव वाचून थक्क व्हाल'. यादी शेवटाकडून सुरू करायची, म्हणजे पहिल्या क्रमांकापर्यंत जाताना मधल्या सगळ्या जाहिराती पार कराव्या लागतात. फोटो गॅलरी असेल तर पंधरा चित्रांची पंधरा पानं, आणि प्रत्येक पान वेगळं मोजलं जातं. एकाच बातमीला गुगलसाठी एक मथळा, पानावर दुसरा आणि व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर दिसणारा तिसरा. जुन्याच यादीवर नवं साल टाकून ती परत वर आणायची. यातून सुटायची एक युक्ती आहे. दुव्यातली रोमन अक्षरं वाचा. मथळ्यात लपवलेलं नाव तिथे बऱ्याचदा उघडं पडलेलं असतं, कारण गुगलला ते लागतं. तेच नाव मथळ्यात लिहिलं तर काय बिघडेल? फेसबुकने तर २०१६ मध्येच, माहिती दडवणारे आणि फुगवून सांगणारे मथळे खाली ढकलू असं जाहीर केलं होतं.

घाईत केलेल्या याद्यांत श्रेय हरवतं, आणि ते कोल्हापूरला जास्त टोचतं. 'ऐरणीच्या देवा तुला' हे गाणं लताबाईंच्या आवाजातल्या सर्वोत्तम मराठी गाण्यांत हमखास येतं, पण त्याची चालही त्यांचीच, आनंदघन या नावाने दिलेली, हे यादीत नसतं. शब्द जगदीश खेबूडकरांचे, चित्रपट भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (१९६५). दोघेही इथलेच, दोघांची नावं गायब. 'गीतरामायणातली टॉप टेन' हा प्रकार तर कळतच नाही. ५६ गीतं कथेच्या ओघाने १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक अशी पुणे आकाशवाणीवरून गेली. त्यांचा क्रम आधीच ठरलेला आहे, तो कथेचा आहे. शिवाय मूळ मालिकेत माणिक वर्मा, ललिता फडके अशा अनेकांचे आवाज होते, पण यादीत सगळी गाणी सुधीर फडक्यांच्या नावावर जमा.

आणखी एक नेहमीची थाप, 'नासाने निवडला जगातला सर्वोत्तम आवाज'. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत जी सोनेरी तबकडी गेली, तीत जगभरच्या २७ संगीतरचना आहेत आणि केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवी त्यांपैकी एक. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने वेगवेगळ्या संस्कृतींचं संगीत निवडलं होतं. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नव्हता. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे, तिला नंबर चिकटवायची गरज नाही. आणि केसरबाईंचे गुरू, शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांचं तर ध्वनिमुद्रणच नाही. ज्यांच्यामुळे जयपूर-अत्रौली गायकीशी या शहराचं नाव जोडलं गेलं, त्यांचे व्ह्यू शून्य.

आपल्याकडून अपेक्षा फार नाही. प्रत्येक यादीखाली चार-पाच ओळींची चौकट द्यावी. मतं कुणाची आणि किती जणांची, गुणांचा तक्ता कोणता, कोणत्या सालापर्यंतची गाणी धरली, आकडे कोणत्या तारखेला आणि कोणत्या दुव्यावरून घेतले. प्रत्येक गाण्यापुढे गायकाबरोबर गीतकार, संगीतकार आणि साल असावं. परीक्षकांपैकी कुणी ध्वनिमुद्रण कंपनीशी किंवा कार्यक्रमाच्या आयोजनाशी संबंधित असेल तर तेही लिहावं. मथळ्यात नाव असावं. आणि चूक दुरुस्त केली तर ती गुपचूप न बदलता खाली तारखेसह नोंदवावी, कारण तोवर जुनी प्रत व्हॉट्सॲपवर शंभर गटांत गेलेली असते आणि पडताळायला येणाऱ्याला जुना आणि दुरुस्त असे दोन्ही मजकूर दिसायला हवेत.

कळावे,
आपला,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर