सूचना : शिक्षणशास्त्रात पीएच.डी. झालेल्या सदस्यांसाठी कागदपत्र तपासणी

सर्व सदस्यांना कळवण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ११ वाजता ग्रंथालयाच्या वाचनकक्षात प्राध्यापकपदाच्या अर्जासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची तपासणी होईल. पीएच.डी. पदवी मिळालेल्यांनी आणि तिची मौखिक परीक्षा झालेल्यांनी जरूर यावे.

अर्ज बहुतेक वेळा पीएच.डी.पाशी नाही, त्याआधीच्या गुणपत्रिकांपाशी अडतो. बी.एड. महाविद्यालयात अध्यापनपद्धतीच्या (शालेय विषय कसा शिकवावा हे शिकवणाऱ्या) जागेसाठी एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या निकषांनुसार विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. या दोन्हींत किमान ५५ टक्के गुण लागतात. नुसत्या डॉक्टरेटने ही उणीव भरून निघत नाही. प्राचार्यपदासाठी या दोन्हींबरोबर पीएच.डी. आणि माध्यमिक शिक्षक-शिक्षण संस्थेतील ८ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. शाळेतली वर्षे त्यात धरू नका.

सोबत आणा :
- सर्व गुणपत्रिका, मूळ व एकेक छायाप्रत
- पीएच.डी. पदवी किंवा विद्यापीठाची अधिसूचना
- ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी असल्यास कुलसचिवांच्या किंवा अधिष्ठात्यांच्या सहीचे पाच मुद्द्यांचे प्रमाणपत्र (पीएच.डी. ठरलेल्या पाच अटींनुसार झाल्याचे). सही मिळायला वेळ लागतो, आजच अर्ज करा.
- शोधनिबंधांचे पहिले पान व आयएसएसएन क्रमांक (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक)

प्राध्यापकीखेरीज डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद), पाठ्यक्रम व मूल्यमापनाचे काम, शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्था आणि आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, यांवरही बोलू. फेलोशिपसाठी इच्छुकांनी दोन पानी आराखडा आणावा. प्रबंधाचाच विषय पुन्हा मांडू नये, पुढचा प्रश्न घ्यावा.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत गटावर नाव व पदव्युत्तर विषय कळवा.