सोहमला नायट्रोवर बसू द्यावे का?

सातारा,
दि. ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्र अनिल यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सर्वजण सांगलीहून खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाला जाणार आहात, पुण्याची चुलत भावंडेही बरोबर असणार आहेत आणि सोहमने आतापासूनच तेथल्या नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरचा ध्यास घेतला आहे, हे वाचले. त्याला नुकती कुठे आठ वर्षे पूर्ण झाली. परंतु पोरगा आजोबांच्या वळणावर गेल्यामुळे शेवग्यासारखा वाढला आणि तेथील उंचीच्या अटीत आता जेमतेम बसतो. अशा वेळी त्याला बसू द्यावे की नाही, हा तुझा प्रश्न. शाळेच्या सहलींबरोबर मी तेथे जातो, मुलांना त्या रांगेत उभे करतो आणि काहींना रांगेतून परतही आणतो. त्यामुळे या विषयावर मला मनापासून लिहावेसे वाटते.

माझे मत आधीच सांगतो. केवळ उंची पुरली म्हणून त्याला बसवू नकोस. दिवसभरात लहान कोस्टरवर त्याची हौस टिकली आणि भावंडे जवळ नसताना त्याने तुझ्याकडे पुन्हा आपणहून हट्ट धरला, तरच बसव. तसे झाले नाही, तर नायट्रो दोन वर्षांनीही तेथेच असेल.

वहिनींना यंत्राचीच धास्ती वाटते, असे तू लिहिले आहेस, म्हणून त्याविषयी थोडे. कोस्टरची चाके रुळावर नुसती टेकलेली नसतात. काही चाके रुळाच्या वर, काही बाजूला आणि काही खालून अशी असतात की गाडी उलटी झाली तरी ती रूळ सोडू शकत नाही. लूप, म्हणजे गाडी जेथे उलटी होऊन फिरते तो रुळाचा वेढा, तोदेखील पूर्ण गोल नसतो, तो पाण्याच्या थेंबासारखा, वर अरुंद आणि खाली पसरट असतो. पूर्ण गोल लूपमध्ये शिरताना मानेला जबर हिसका बसे. पुढे १९७०च्या दशकात हा आकार रूढ झाला, तेव्हा तो हिसका पुष्कळ कमी झाला. खांद्यावरून छातीवर येणारा, प्रवाशाला जागी धरून ठेवणारा तो जाड हार्नेस प्रत्येक वेळी कर्मचारी हाताने ओढून तपासतात. उंचीची अट आहे तीही याच हार्नेससाठी, कारण तो ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी घडवलेला असतो आणि लहान अंगाचे मूल त्यातून निसटू शकते. म्हणून बुटात काही कोंबून किंवा टाचा उंचावून मोजपट्टी गाठण्याची जी धडपड काही पालक करतात, ती पाहून मला संताप येतो. मोजणाऱ्या कर्मचाऱ्याने नाही म्हटले, तर एक शब्दही न बोलता बाजूला व्हावे.

मात्र ती मोजपट्टी फक्त हाडांची लांबी सांगते. आठव्या वर्षी आपल्याकडच्या मुलांची उंची साधारण १२५ सेंटिमीटरच्या आसपास असते. सोहम त्याहून बराच उंच असला, तरी त्याची मान आठ वर्षांचीच आहे. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि मानेचे स्नायू अजून भरलेले नसतात. नायट्रो सुमारे १३० फूट उंचीवरून खाली येते, तिचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो आणि ती प्रवाशाला पाच वेळा उलटे करते. अशा कोस्टरच्या वळणांत, तळाशी, शरीरावर क्षणभर आपल्याच वजनाच्या तिपटी-चौपटीइतका भार येतो, म्हणजे तीस किलोच्या मुलाला आपण शंभर किलोंचे झालो आहोत असे वाटते. तुझ्यामाझ्या मानेला ते सोसते. सोहमने डोके मागच्या उशीला घट्ट टेकवून ठेवले तर त्यालाही सोसेल. पण ते टेकवायचे आहे हे त्या गडबडीत त्याच्या लक्षात राहील का, याचा विचार तुलाच करायचा आहे. त्याला दमा, हृदयाचा किंवा मानेचा काही त्रास असेल, किंवा त्या आठवड्यात कान दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचार.

दुसरी गोष्ट गाडी लागण्याची. आपण कासला गेलो होतो, तेव्हा यवतेश्वरच्या घाटात त्याला दोनदा खाली उतरवावे लागले होते, हे तुला आठवत असेल. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय एक सांगते आणि डोळे दुसरेच दाखवतात, तेव्हा मळमळ सुरू होते. आणि हा त्रास सहा-सात वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक होतो. पोटभर खाऊन, उन्हात तासभर रांगेत उभे राहून बसलेल्या मुलाला तर हमखास होतो. बसवायचेच ठरले, तर जेवणाच्या आधी बसव आणि जागा मधली घे. सर्वांत मागच्या डब्याला चढावाच्या टोकावरून जोरात ओढ बसते आणि पुढच्या डब्यातून सगळी खोली डोळ्यांसमोर उघडी पडते.

आता भीतीविषयी, कारण खरा प्रश्न तेथेच आहे. गेल्या वर्षी तुम्ही पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला आला होतात, तेव्हा सोहम आकाशपाळण्यात बसला होता. मी खाली उभा होतो. पाळणा वर थांबला की त्याने डोळे गच्च मिटून दांडा दोन्ही हातांनी धरलेला मला दिसत होता. उतरल्यावर तू विचारलेस, तेव्हा तो ‘मजा आली’ म्हणाला, पण तुझी बाही त्याने बराच वेळ सोडली नाही आणि पुन्हा बसूया, असे एकदाही म्हटले नाही. ज्या मुलाला खरोखर आनंद होतो, ते खाली उतरण्याआधीच दुसऱ्या फेरीची मागणी करते. ‘मजा आली’ हे उत्तर मुले पुष्कळदा आपल्यासाठी देतात. शिवाय यात्रेतला पाळणेवाला रडणारे मूल पाहून पाळणा थांबवतो. कोस्टर एकदा चढावरून सुटली की शेवटच्या ब्रेकपर्यंत ती कोणालाही मध्येच उतरवत नाही, आणि हे आठ वर्षांच्या मुलाला निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

नायट्रोत आणखी एक बारकावा आहे. ही बिनतळाची कोस्टर आहे. सर्वांचे हार्नेस बंद झाले की फलाटावरची पायाखालची जमीन खाली सरकते आणि पाय अधांतरी लोंबू लागतात. रांगेत उड्या मारणारी मुले नेमकी त्याच क्षणी पांढरीफटक पडलेली मी पाहिली आहेत, आणि तेव्हा परत फिरण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून रांगेत शिरण्यापूर्वी त्याला बाहेर उभा करून गाडीच्या दोन-तीन फेऱ्या पाहू दे. पाय कसे लोंबतात, चढावर साखळीचा खटखट आवाज किती वेळ येतो, उतरणाऱ्या मुलांचे चेहरे कसे असतात, हे त्याला स्वतः टिपू दे. आधी गोल्ड रश एक्स्प्रेससारख्या कुटुंबासाठीच्या कोस्टरवर बसव. तिच्या उतारावर पोटात गोळा आला की तो हसतो की गप्प होतो, ते तू शेजारी बसून पाहा. तो गप्प झाला, तर त्या दिवशी नायट्रोचा विषय काढू नकोस.

चुलत भावंडांचे मात्र मला थोडे कठोरपणे सांगावेसे वाटते. बारा-तेरा वर्षांची मुले ‘भित्रा’ हा शब्द सहज टाकतात आणि आठ वर्षांचे मूल त्या शब्दाला यंत्रापेक्षा अधिक घाबरते. निघण्यापूर्वीच त्यांना एकत्र बसवून सांग, की जो बसणार नाही त्याला कोणी काही बोलायचे नाही, आणि खोपोलीहून परतल्यावरही घरात तो विषय चिडवण्यासाठी काढायचा नाही. सोहमला वेगळे सांग, की अगदी गाडीच्या दारापर्यंत गेल्यावरही ‘बाबा, नको’ म्हणता येते, तेथून मागे फिरायची वाट असते आणि तू त्याच्याबरोबर मागे फिरशील. तू स्वतःही तयारीने जा. रांगेत तासभर उभे राहिल्यानंतर ‘आता आलोच आहोत तर बस’ हे वाक्य तुझ्या तोंडून निघता कामा नये.

आणि तो बसलाच, तर तू त्याच्या शेजारी बस. वहिनींनी उतरण्याच्या वाटेवर पाण्याची बाटली घेऊन थांबावे. उतरल्यावर लगेच त्याला काही विचारू नका, आधी थोडा वेळ सावलीत बसू द्या.

जाण्यापूर्वी त्याच्याशी एकट्याने बोललास की मला फोन कर, तो काय म्हणाला ते ऐकण्याची उत्सुकता आहे. परतताना सातारा वाटेतच आहे, तेव्हा एक मुक्काम आमच्याकडे केल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे ही तुला बजावून सांगते आहे. दादांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि सोहमला अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र,
विश्वास