दुर्मीळ आजारांचे रुग्णगट : ऑक्सिमीटरवर विसंबू नका

संपादक महोदय,

मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकून अशक्त होण्याचा आजार) किंवा विल्सनसारखा आजार झालेला माणूस बहुतेकदा अख्ख्या पंचक्रोशीत एकटाच असतो. देवगड, राजापूर, गुहागरकडून न्यूरोलॉजिस्ट गाठायचा तर मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्यातले बांबोळी. दोन भेटींमधले महिने निभावतात ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रुग्णगटांच्या आधारावर. हे गट वाढायला हवेत. मात्र ते कसे चालवावेत, याबद्दल लिहिणे गरजेचे वाटते.

‘न्यूरो पेशंट’ असा सरसकट गट करू नये. आजारवार गट करावा, मग त्यात राज्यभरातले वीसच जण का असेनात. विल्सनच्या आजारात शरीरात तांबे साचते. आपल्या घरोघरी असणारे काजू, कालवं, कुर्ल्या यांत तांबे भरपूर असते, म्हणून किमान पहिले वर्षभर तरी ते टाळायला सांगतात. तांब्याच्या कळशीतले पाणीही नको. तांबे शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामाइन उपाशीपोटी घ्यायचे, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, आणि तांबे शोषू न देणारे झिंक त्याच वेळी घ्यायचे नाही. हे वेळापत्रक सणासुदीला, प्रवासात कसे सांभाळायचे ते दुसऱ्या विल्सनवाल्या घरालाच ठाऊक असते. बरे वाटू लागले म्हणून कोणी गोळ्या सोडायच्या गोष्टी करू लागला, तर गटाने त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडावे. गोळ्या थांबल्यावर यकृत अचानक निकामी होऊ शकते. सख्ख्या भावंडांना आजार असण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळे त्यांची तपासणी झाली का, हेही विचारावे.

मायस्थेनियात धोका वेगळा. श्वासाचे स्नायू थकत चालले तरी ऑक्सिमीटर बराच वेळ ९६-९७ दाखवतो. आकडा उतरू लागतो तोवर फार उशीर झालेला असतो. गटात रात्री कोणी “दम लागतोय” असे लिहिले आणि खाली “ऑक्सिजन किती?”, “९७”, “मग काळजी नको” अशी उत्तरे आली, की जीव धोक्यात आलाच म्हणून समजा. त्याऐवजी एका दमात, सेकंदाला दोन या गतीने आकडे मोजायला सांगावे. एरवी चाळिशीच्या पुढे जाणारा माणूस विसाच्या आत अडखळला, गिळताना ठसका लागू लागला किंवा मान सावरेना, तर गटात चर्चा न करता १०८ ला फोन करावा. आकडे चांगले आले तरी दम लागत असेल, तर रुग्णालयातच जावे.

पावसाळ्यात ताप आला की गावातल्या दवाखान्यात सिप्रोफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा जेंटामायसिन ही प्रतिजैविके मिळणे स्वाभाविक आहे. मायस्थेनियात या तिन्हींनी अशक्तपणा बळावू शकतो. जंतुसंसर्गानेही तो बळावतो, तेव्हा औषधच नको म्हणणे हा उपाय नव्हे. आजाराचे नाव, चालू गोळ्या, जपून द्यायची औषधे आणि आपल्या न्यूरोलॉजिस्टचा फोन, एवढे लिहिलेला कागद डॉक्टरांसमोर ठेवावा. तो न्यूरोलॉजिस्टकडूनच तपासून घ्यावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाकिटात ठेवावा. मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त नको. जोराच्या पावसात वीज जाते, तिच्या मागोमाग नेटवर्क आणि बॅटरीही.

गटात गोळीची वेळ सांगावी, मात्रा सांगू नये. प्रिस्क्रिप्शनचा फोटो टाकण्यावर तर बंदीच हवी, कारण तो पाहून दुसरा कोणी तेवढीच गोळी सुरू करतो. हात थरथरणाऱ्याला टाइप करता येत नाही, दोन-दोन दिसणाऱ्याला वाचवत नाही. म्हणून आवाजी निरोप चालू द्यावेत आणि कोणीतरी त्यांचा सार दोन ओळींत लिहावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे नव्या माणसाला आत घेण्याआधीच सांगावे. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरी ही धास्ती फार मोठी असते, आणि तिला हसण्यावारी नेऊ नये.

पैशांबाबतही एक इशारा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातली ५० लाख रुपयांपर्यंतची मदत यादीतल्या ठरावीक आजारांनाच आहे. ती मुंबईच्या केईएमसारख्या नेमून दिलेल्या केंद्रामार्फत मिळते, रुग्णाच्या हातात पैसे येत नाहीत. तेव्हा ‘निधी काढून देतो’ म्हणत गटात शिरून टक्केवारी मागणाऱ्याला अ‍ॅडमिनने त्याच क्षणी बाहेर काढावे.

– रुग्णगटांचे स्वयंसेवक, रत्नागिरी-सिंधुदुर्ग