मोडलेल्या हाडाचा फोटो: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

हाडांच्या शस्त्रक्रियांचा विषय निघाला की चर्चा प्लेट, स्क्रू, रॉड आणि कृत्रिम सांध्यांची होते. किती यंत्रे आली, किती इम्प्लांट वाटली, हे आकडे सभागृहात सांगायलाही सोपे जातात. आम्ही अस्थिव्यंग शल्यचिकित्सक, एक्स-रे तंत्रज्ञ आणि ओटीतल्या (शस्त्रक्रियागृहातल्या) परिचारिका आपले वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. फ्रॅक्चरच्या उपचारातला प्रत्येक निर्णय एक्स-रेच्या फोटोवर उभा असतो. प्लास्टर घालायचे की ऑपरेशन करायचे, रॉड टाकायचा की प्लेट, स्क्रू किती लांबीचा, हे सगळे फोटो ठरवतो. तो योग्य कोनातून आणि योग्य वेळी निघाला नाही, तर कपाटातले उत्तम इम्प्लांटही चुकीच्या जागी जाऊन बसते.

एक्स-रे ही सावली आहे. समोरून सरळ दिसणारे हाड बाजूने पाहिल्यावर अख्ख्या जाडीइतके सरकलेले निघू शकते. म्हणून एकमेकांना काटकोनात असलेले दोन फोटो हवेत, आणि त्यांत मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा सांधा आलाच पाहिजे. हा नियम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो. तरी फिल्म वाचवा, एका फिल्मवर भागवा, अशा तोंडी सूचना येतात आणि तो मोडतो. मुलाच्या हातातले करंगळीच्या बाजूचे हाड मोडले आहे, फोटो मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंतच काढला आहे, प्लास्टर घालून मूल घरी गेले, असे समजा. कोपराशी दुसऱ्या हाडाचे डोके सांध्यातून निसटले असेल, तर ते या फोटोत येतच नाही. या जोड दुखापतीला मॉन्टेगिया फ्रॅक्चर म्हणतात. तिचे वर्णन १८१४ मध्येच झाले आहे. ती ओळखण्याची खूण साधी आहे. रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या मधून काढलेली रेघ प्रत्येक फोटोत कॅपिटेलमच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकावरील गोल उंचवट्याच्या मध्यातून गेली पाहिजे. पहिल्या दिवशी कळले तर मुलाचे निसटलेले डोके बहुधा हाताने ओढून जागेवर बसते. काही आठवडे उलटले की उघडून करावे लागणारे अवघड ऑपरेशन उरते, आणि हात पूर्वीसारखा वळेल याची खात्री देता येत नाही.

मांडीच्या हाडाची गोष्ट याहून फसवी आहे. जोरदार अपघातात हाड मध्यावर मोडते तेव्हा एक ते नऊ टक्के रुग्णांत त्याच हाडाची मान, म्हणजे खुब्याजवळचा भागही तडकलेला असतो. मधले फ्रॅक्चर इतके ढळढळीत दिसते की नजर तिथेच अडकते. मानेतली चीर बहुधा सरकलेली नसते, त्यात पाय बाहेर वळलेला असल्याने मान फोटोत आखूड दिसते आणि चीर झाकली जाते. ती न पाहता रॉड ठोकला तर ठोकतानाच मान सरकू शकते. तरुण माणसात त्याचा अर्थ मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटणे आणि पुढे सांधा खराब होणे. उपाय चार पायऱ्यांचा आहे. पाय सुमारे १५ अंश आत वळवून खुब्याचा वेगळा फोटो काढायचा, सीटी झालाच असेल तर मानेचे २ मिलिमीटरचे बारीक काप बघायचे, ऑपरेशनच्या टेबलावर रॉड घालण्याआधी आणि घातल्यानंतर सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणाऱ्या फिरत्या यंत्राखाली) मान पुन्हा तपासायची, आणि रुग्ण टेबलावरून उतरण्याआधी खुब्याचा एक नीट फोटो घ्यायचा. यात नवे यंत्र लागत नाही. एक छापील तपासणी-यादी आणि ती भरल्याशिवाय केस पुढे सरकणार नाही, असा आदेश लागतो.

काही दुखापतींना वेगळा कोन किंवा दुसरी वेळ लागते. फेफऱ्याचा झटका येऊन किंवा विजेचा धक्का बसून खांदा मागच्या बाजूला निखळला तर समोरचा फोटो जवळजवळ नॉर्मल दिसतो. काखेतून काढलेला फोटो मात्र लगेच सांगतो. मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाची चीर पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. दुखते आहे पण दिसत नाही, अशा हाताला स्लॅब (एका बाजूचे प्लास्टर) घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो, आणि सोय असेल तर एमआरआय. या हाडाला रक्त मुख्यतः लांबच्या टोकाकडून येते, त्यामुळे चीर निसटली तर जवळचा तुकडा सुकतो. पडल्यानंतर पाय टेकता न येणाऱ्या वृद्धाचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून त्याला घरी पाठवणे तर सरळसरळ धोक्याचे. त्याला एमआरआय हवा, आणि तो २४ तासांत मिळणार नसेल तर सीटी. खुब्याचे फ्रॅक्चर सापडलेल्या वृद्धाचे ऑपरेशन ३६ ते ४८ तासांत व्हावे, असे आज जगभर मानले जाते. तपासणीच्या रांगेत दोन दिवस गेले तर ही मुदत कागदावरच राहते.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर फोटोच्या नावाखाली उशीर होईल. घोटा निखळून कातडी पांढरी पडली असेल, पावलाची नाडी लागत नसेल, तर आधी सांधा जागेवर बसवायचा, मग फोटो. पोटरी किंवा हात दगडासारखा घट्ट झाला, वेदनाशामक देऊनही दुखणे वाढत चालले, बोटे हळूच ताणली तरी रुग्ण कळवळला, तर तो कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडणे, आहे असे धरूनच चालावे. कोणताही एक्स-रे तो दाखवत नाही. नाडी लागते आहे म्हणून निश्चिंत राहणे ही यातली नेहमीची फसगत, कारण नाडी अगदी शेवटी जाते. आधी प्लास्टर आणि आतला कापूस कातडीपर्यंत चिरायचा. शंका उरली तर दाब मोजायचा: रक्तदाबाचा खालचा आकडा आणि स्नायूंमधला दाब यांतला फरक पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी झाला तर स्नायूंवरचे आवरण उघडायचे. नडगीच्या भागात चारही कप्पे, सहसा दोन चिऱ्यांतून. सहा-आठ तासांनंतर स्नायू परत येत नाहीत. त्यामुळे रात्री प्लास्टर कापायला कोणी नाही, ही सबब इथे चालत नाही.

हाड कातडीबाहेर आले असेल तर जखमेचा कॅमेऱ्याने एकदाच फोटो काढावा, सलाइनने भिजवलेल्या गॉजने ती झाकावी आणि ओटीत जाईपर्यंत उघडू नये. ज्याला त्याला बघता यावी म्हणून पट्टी पाचदा सोडली जाते, तिथेच जंतुसंसर्गाला वाट मिळते. अँटिबायोटिक पहिल्या तासात शिरेतून गेले पाहिजे. प्रौढाला सेफाझोलिन २ ग्रॅम ही रूढ सुरुवात, शिवाय धनुर्वाताची लस. ते वॉर्डात पोहोचल्यावर नव्हे, अपघात विभागातच द्यायचे. जखम धुताना साबण किंवा जोराच्या फवाऱ्याचा सोस नको. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत साबणाचे पाणी साध्या सलाइनपेक्षा सरस ठरले नाही, आणि कमी दाबाने धुणेही पुरेसे ठरले. म्हणजे इथे महागडे उपकरण नको, भरपूर सलाइन हवे.

आता सी-आर्म. आमच्या मते खरा घोळ इथे आहे. मांडीच्या हाडाचा वरचा भाग मोडला की त्या हाडाच्या डोक्यात एक जाड स्क्रू जातो आणि सारी भिस्त त्याच्या टोकावर असते. समोरून आणि बाजूने, दोन्ही फोटोंत, स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. अस्थिशल्यचिकित्सक बाउमगार्टनर यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की ही बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रू डोके फाडून बाहेर येण्याची भीती फार कमी; त्यापुढे ती वाढत जाते. फोटोत सगळे थोडे मोठे दिसते, म्हणून ज्याची जाडी ठाऊक आहे त्या स्क्रूवरूनच हिशेब सुधारायचा. १० मिलिमीटरचा स्क्रू पडद्यावर १२ भरला तर प्रत्येक माप १.२ ने भागायचे. समोरच्या फोटोत अंतर १२ दिसले, म्हणजे खरे १०. झकास वाटते. बाजूच्या फोटोत २४ दिसले, म्हणजे खरे २०. बेरीज ३०, म्हणजे स्क्रूची जागा चुकली. बाजूचा फोटो घेतलाच नसता तर सर्जन समाधानाने जखम शिवून मोकळा झाला असता, आणि काही आठवड्यांत ठिसूळ हाडातून स्क्रू वर सरकला असता.

हा बाजूचा फोटो का निघत नाही, ते पाहा. त्यासाठी पाय ताणून धरणारे फ्रॅक्चर टेबल लागते, म्हणजे दुसरा पाय बाजूला होतो आणि सी-आर्मला फिरायला जागा मिळते. टेबलाचा माथा किरण आरपार जाऊ देणारा हवा. खाली लोखंडी पट्टी असेल तर नेमक्या जागी काळी सावली पडते. यंत्राच्या खरेदीत टेबल धरलेले नसते. मग चार माणसे पाय ओढून धरतात, बाजूचा फोटो राहून जातो आणि यंत्र असूनही निम्मे आंधळे ऑपरेशन होते. रॉड हाडात पक्का करणारे खालच्या टोकाचे लॉकिंग स्क्रू घालतानाही तेच. रॉडचे छिद्र पडद्यावर अंडाकृती दिसते तोवर ड्रिल लावायचे नाही, ते पूर्ण गोल दिसले की मगच. सी-आर्म अर्धा अंश हलवून थांबवणारा, हात बसलेला तंत्रज्ञ नसेल तर हे गोल दिसायला फार वेळ जातो आणि तेवढे किरण सगळ्यांच्या अंगावर पडतात.

म्हणून पद मंजूर करताना हिशेब सोपा ठेवा. आठवड्याचे तास १६८. एका तंत्रज्ञाचे ४८ धरले तरी साडेतीन माणसे लागतात. रजा-आजारपण धरून चार ते पाच. एक पद भरून चोवीस तास सेवा जाहीर करणे म्हणजे रात्री यंत्राला कुलूप, आणि अपघात काही कार्यालयीन वेळेत होत नाहीत.

किरणांपासून संरक्षणाचेही असेच. लेड ॲप्रन घडी घालून कपाटात कोंबला की आतला शिशाचा थर तडकतो, आणि बाहेरून काही कळत नाही. तो रुंद हँगरवरच टांगायचा, आणि वर्षातून एकदा सी-आर्मखाली धरून त्यात भेगा आहेत का, ते पाहायचे. गळ्याचे कवच आणि छातीवरचा किरणमापक बिल्ला प्रत्येकाला, आणि बिल्ल्याचे आकडे त्या व्यक्तीला कळलेच पाहिजेत. फाइलमध्ये जाऊन पडणारा बिल्ला नुसता दागिना. यंत्राची नळी टेबलाखाली आणि पडद्याकडची बाजू रुग्णाच्या जवळ, हा नियम प्रत्येक ओटीच्या भिंतीवर असावा. किरणांच्या उगमापासून अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते, हे मदतनिसालाही ठाऊक असावे.

जिथे सी-आर्म लगेच येणे शक्य नाही, तिथेही हात टेकायचे कारण नाही. बाहेरच्या मार्गदर्शक चौकटीवर छिद्रे शोधून लॉक करता येणारे भरीव नेल (रॉड) उपलब्ध आहेत. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक ल्युइस झर्कल यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या साइन (SIGN) संस्थेने असा नेल खास अशाच रुग्णालयांसाठी पुढे आणला. त्याचे प्रशिक्षण मात्र आधी द्या, खोकी मागून पाठवा.

शेवटी निविदा. लॉकिंग प्लेट (जिच्या छिद्रांत स्क्रूचे डोके आट्यांनी बसते) एका कंपनीची आणि उरलेले स्क्रू दुसऱ्या कंपनीचे, अशी खिचडी दर वर्षी दर बदलला की होते. आटे जुळत नाहीत, स्क्रू डोक्याशी अर्धवट फिरून थांबतो आणि लॉक झाल्यासारखा वाटतो. काढायची वेळ आली की स्क्रूड्रायव्हरचे टोक बसत नाही. त्यामुळे प्लेट, तिचे स्क्रू, ड्रिल बिट, ड्रिल स्लीव्ह आणि काढायची हत्यारे हा एकच संच म्हणून निविदेत लिहा. ४.५ मिलिमीटरच्या साध्या स्क्रूला ३.२ चे बिट आणि ३.५ च्या स्क्रूला २.५ चे, यांतले एक बोथट असेल तरी अख्खी पेटी निकामी. बोथट बिटने घासून हाड तापते, ४७ अंशांवर मिनिटभर राहिले तरी पेशी मरायला लागतात, आणि मग तोच स्क्रू काही आठवड्यांत सैल होतो. बिट ही वापरून संपणारी वस्तू आहे, असे खरेदीच्या नियमांत एकदा स्पष्ट लिहिले की साठ्याच्या हिशेबात ती पुन्हा पुन्हा मागताना स्टोअरला स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

आणि रुग्ण घरी जाताना त्याच्या कागदावर इम्प्लांटचे स्टिकर, धातू, कंपनी व आकार, तसेच ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे फोटो मूळ डिजिटल स्वरूपात द्या. खिडकीला फिल्म लावून मोबाइलने काढलेल्या फोटोत बारीक चीर हरवते, आणि दुसऱ्या गावात तो रॉड काढणाऱ्या सर्जनला आत काय आहे हे न कळता टेबलावर उभे राहावे लागते. तपासणी-यादीप्रमाणेच यासाठीही एक आदेश लागतो. तो या आर्थिक वर्षात निघावा.

आपले,
सरकारी रुग्णालयांतील अस्थिव्यंग शल्यचिकित्सक, एक्स-रे तंत्रज्ञ आणि शस्त्रक्रियागृहातील परिचारिका