‘पाणी कुठलं घेता?’ असं विचारणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, तुम्हाला मी कदाचित आठवणारही नाही. त्या दिवशी क्लिनिकमध्ये खूप गर्दी होती, डॉक्टरांनी तपासून ‘सलाईन वॉश (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) चालू ठेवा, सोबत हा स्प्रे’ असं लिहून दिलं आणि मी निघालेच होते, तेवढ्यात तुम्ही फाईल परत देता देता विचारलंत, ‘नाक धुता ना, मग पाणी कुठलं घेता?’ मी म्हटलं नळाचंच, थोडं कोमट करून. तुम्ही फाईल तशीच हातात ठेवलीत आणि म्हणालात, ‘बसा जरा.’

त्या पुढच्या दहा मिनिटांसाठी हे पत्र लिहितेय. आठ महिने मी रोज सकाळी नळाच्या पाण्याने नाक धूत होते. सायनसचा त्रास जुना, डोकं जड, कपाळ ठणकतंय, आणि या धुण्याने खरंच बरं वाटायचं म्हणून मी ते अगदी नेमाने करायचे. नाक धुण्याच्या बाटलीसोबत आलेला माहितीचा कागद खोक्याबरोबर कधीच टाकून दिलेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच आठवड्यात मी लेकीलाही सुरू करणार होते, तिचं नाक सतत चोंदलेलं असतं म्हणून.

मी तुम्हाला म्हटलं होतं की पाणी पिण्याचंच आहे, स्वच्छ आहे, तेच आम्ही सगळे पितो. त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पोटात गेलेल्या पाण्यातले बरेच जंतू तिथल्या आम्लाने मरतात, पण नाकाच्या आत असं काही नाही, आणि नाकाच्या वरच्या भागातून वासाच्या नसा थेट मेंदूपर्यंत जातात. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असतो, कोमट गोड्या पाण्यात वाढणारा, तो पिण्यात गेला तर काही करत नाही पण नाकातून वर गेला तर मेंदूला सूज आणतो आणि त्यातून फारच थोडे लोक वाचतात. २०११ साली अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात नेतीच्या (नाक धुण्याच्या) भांड्यात नळाचं पाणी वापरणारे दोघे जण असे दगावले होते, हेही तुम्हीच सांगितलंत. वर लगेच हेही म्हणालात की हे फार क्वचित होतं, घाबरून नाक धुणं सोडू नका, पाणी तेवढं बदला. तुम्ही नुसतं घाबरवून पाठवलं असतं तर मी बाटली फेकून दिली असती आणि परत डोकं धरून बसले असते.

मग मी विचारलं प्युरिफायरचं चालेल का. तुम्ही म्हणालात ते पिण्यासाठी आहे, नाकासाठी घरचा साधा फिल्टर पुरत नाही, त्याची छिद्रं १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक आहेत असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. नाहीतर सीलबंद डिस्टिल्ड किंवा स्टराईल पाणी आणायचं (बॅटरीत घालतात ते नव्हे, हे तुम्ही दोनदा बजावलंत), किंवा सरळ घरी पाणी उकळायचं. उकळणं म्हणजे वाफ आली की गॅस बंद असं नाही, खळखळून उकळी फुटल्यावर ३ ते ५ मिनिटं, मग झाकून थंड करायचं, स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवायचं आणि २४ तासांत वापरून टाकायचं, उरलं तर ओतून द्यायचं. मीठ घातलं की पाणी शुद्ध होतं असा माझा समज होता, तोही तुम्हीच काढलात.

मिठाचं तर वेगळंच. मी अंदाजाने चिमूटभर टाकायचे, कधी जास्त कधी कमी, आणि आग व्हायची म्हणजे काम करतंय असं वाटायचं. तुम्ही सांगितलंत की आग होणं हेच चुकल्याचं लक्षण आहे, आपल्या शरीरातल्या द्रवाइतकं खारट पाणी हवं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅमच्या आसपास, त्याहून फिकं किंवा फार खारट झालं की आतली नाजूक त्वचा झोंबते. आता मी आयोडीन नसलेलं मीठ ३ टीस्पून आणि खायचा सोडा १ टीस्पून असं एका कोरड्या बरणीत मिसळून ठेवलंय, २४० मिलीला त्यातलं जेमतेम अर्धा टीस्पून, झोंबलं तर थोडं कमी. प्रवासात मात्र तयार सॅशे घेते, मोजायची भानगड नाही.

आणि ते कानाचं! मी नाक पूर्ण बंद असतानाही बाटली जोरात दाबायचे आणि मग कानात दडा बसायचा, दोन-दोन तास सुटायचा नाही. तुम्ही मान एका बाजूला कशी वाकवायची ते स्वतः बेसिनवर वाकून दाखवलंत, कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत, तोंड उघडं, श्वास तोंडाने, बाटली हलकेच दाबायची, पाणी वरच्या नाकपुडीतून जाऊन खालच्या नाकपुडीतून आपोआप येतं. नंतर दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोरात शिंकरायचं नाही. नाक पूर्ण चोंदलेलं असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी धुवायचंच नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. स्प्रे धुतल्यानंतर मारायचा हे तर इतकं सरळ आहे, पण मी आधी स्प्रे मारून मग धुवायचे, म्हणजे औषध सगळं बेसिनमध्ये जात होतं.

लेकीला मी लगेच सुरू केलं नाही, तुम्ही म्हणालात तसं आधी तिच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हो म्हटल्यावरच. तिच्यासाठी वेगळी बाटली आणली, लहान मुलांची. आधी दोन दिवस रडली, आता स्वतःच आठवण करते, फक्त शाळेत खाली वाकल्यावर नाकातून पाणी आलं म्हणून एकदा घाबरली होती, तर मी तिला सांगितलं की आत थोडं राहिलेलं असतं ते येतं. हे मला ठाऊक होतं ते तुमच्यामुळेच.

तुमच्यासमोर दारात अजून पाच-सहा पेशंट उभे होते सिस्टर, आणि त्या सगळ्यांच्या फाईली तुमच्याच हातात होत्या. तरी तुम्ही मला बसवलंत. माझ्या घरात आज दोन माणसं नीट, सुरक्षितपणे नाक धुतात ते त्यामुळे, आणि हे मी मनापासून लिहितेय.

पुढच्या महिन्यात फॉलोअपला येतेय. बाटली रोज धुऊन उघडी, पूर्ण वाळवून ठेवते, पण टोपीच्या आतल्या नळीत थोडं पाणी अडकून राहतं, तर बाटली सोबत आणते, ती कशी सुकवायची तेवढं दाखवाल का? खूप खूप आभार.