कुष्ठरुग्णांच्या जुन्या नोंदी रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो आणि त्याच पदावरून निवृत्त झालो. मुलगा नोकरीनिमित्त मनिलाला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा मला फिलिपिन्समधलंच कुलियन बेट बघायचं होतं, बाकी काही नाही दाखवलं तरी चालेल असं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. एकेकाळी जगातली सर्वांत मोठी कुष्ठवसाहत तिथे होती. वाटेतल्या कोरोन गावापर्यंत पर्यटकांची झुंबड असते, पुढे कुलियनच्या बोटीत बहुतेक गावचेच लोक, तांदळाची पोती आणि कोंबड्या.

फिलिपिन्सवर अमेरिकेचा अंमल असताना, 27 मे 1906 रोजी, सेबूहून 370 रुग्णांना सरकारी जहाजांतून या बेटावर आणून उतरवलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि कुष्ठरोग असल्याच्या संशयावरून कोणालाही घरातून उचलून न्यायचा अधिकार आरोग्य खात्याला मिळाला. बेटाचे दोन भाग होते, एक रुग्णांचा, एक निरोग्यांचा. काही काळ रुग्णांना लग्नाला बंदी होती. तरी मुलं झालीच, आणि ती आईपासून काढून वेगळ्या शिशुगृहात ठेवली जात. धक्क्यावर उतरलं की समोरच्या टेकडीवर दगडांनी रेखलेला भलामोठा गरुड दिसतो. ते तिथल्या त्यावेळच्या आरोग्य खात्याचं बोधचिन्ह. 1926 साली रुग्णांनी स्वतःच्या हातांनी ते रचलं. बोटं झडलेल्या, बधिर झालेल्या हातांना दगड उचलताना काय होतं हे मी आयुष्यभर बघितलंय. जखम होते आणि कळत नाही, रक्त दिसलं की मगच कळतं. त्यामुळे त्या गरुडाचे फोटो काढणाऱ्यांत मला काही जाता आलं नाही.

मी जास्त वेळ थांबलो ते रुग्णालयाच्या आवारातल्या संग्रहालयात. वसाहतीसाठी वेगळी नाणी पाडली होती, बाहेरचा पैसा आत नको आणि आतला बाहेर नको म्हणून. त्यातली 1913 सालची ॲल्युमिनियमची नाणी काचेखाली आहेत. हलकी, कडेला झिजलेली. कुणीतरी त्यांवर मीठ-मासळी घेतली असेल. चालमोगरा तेलाच्या इंजेक्शनांचं सामान आहे. आपल्या सह्याद्रीतलं कडू कवठ त्याच जातकुळीतलं झाड, आणि त्याचं तेलही डॅप्सोन हे औषध येईपर्यंत याच रोगावर वापरत. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथली कागदपत्रं. रुग्णांच्या फायली, फोटो, पत्रव्यवहार, सगळं जपून, लावून ठेवलेलं. 2018 साली युनेस्कोने या दप्तराची आशिया-पॅसिफिकच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली. कुलियन 1992 पासून साधं गाव आहे, त्याची स्वतःची नगरपालिका आहे. रुग्णांच्या नातवंडा-पतवंडांना आपला आजा कुठल्या गावाहून, कोणत्या साली आला हे तिथे शोधता येतं.

आता आपल्याकडचं सांगतो. आमच्या काळी प्रत्येक रुग्णाचं कार्ड असे. त्यावर माणसाची पुढून-मागून अशी दोन रेखाचित्रं छापलेली. अंगणात, भर उजेडात रुग्णाला उभं करून आम्ही चट्टे बघायचो, कापसाने संवेदना तपासायचो, कोपराजवळची नस बोटाने चाचपायचो, आणि जे सापडेल ते त्या चित्रावर पेन्सिलीने भरायचो. बहुविध औषधोपचार (एमडीटी), म्हणजे एकाच वेळी अनेक औषधं देण्याची पद्धत, देशात ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला त्यात वर्धा होतं. त्यातल्या क्लोफॅझिमिन या औषधाने कातडी काळवंडली की बाया गोळ्या सोडून द्यायच्या, त्यांच्या घरी पुन्हा पुन्हा जावं लागे. त्या फेऱ्यांच्याही नोंदी कार्डाच्या मागे आहेत. आहेत म्हणतो खरा. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं दूरीकरण (दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण) झाल्याचं जाहीर झालं, वेगळी यंत्रणा सामान्य आरोग्यसेवेत मिसळली आणि जुन्या दप्तराला वाली उरला नाही. एका ठिकाणी (नाव घेत नाही, कारण हे एका जागेपुरतं नाही) अशी कार्डं मी सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत वऱ्हांड्यात पडलेली पाहिली. खालचे गठ्ठे वाळवीने खाल्ले होते. वरचे किलोच्या भावाने जाणार होते, आणि पुढल्या खेपेला गेलो तेव्हा गेले होते.

महाराष्ट्राइतका या विषयाचा इतिहास देशात क्वचितच कुठे असेल. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय 1890 चं, तिथे संग्रहालयही आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. मनोहर दिवाणांचं वर्ध्याजवळचं दत्तपूर कुष्ठधाम 1936 चं. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा केली. बाबा आमटे यांचं आनंदवन सगळ्यांना माहीत आहे. पण मोठ्या नावांचं जतन होतंच. गावोगावच्या केंद्रांतली कार्डं, जुन्या आश्रमांचे आवक-जावक रजिस्टर, रुग्णांनी घरी लिहिलेली आणि न घेता परत आलेली पत्रं, यांचं काय? 1898 चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा 2016 साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत कायद्यात होतं. त्या कायद्यांखाली माणसं कशी जगली हे याच कागदांत आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: घराण्याचं नाव बाहेर येईल, मुलीबाळींची लग्नं मोडतील. आमच्या भागात अजूनही हे होऊ शकतं. म्हणून नावं ठरावीक वर्षं बंद ठेवावीत, अभ्यासकाला नाव झाकूनच कागद मिळावा, आणि कुटुंबाने स्वतः मागितलं तरच पूर्ण कार्ड दाखवावं. लाज वाटते म्हणून जाळून टाकणं हा मात्र उपाय नव्हे. ज्याचं कार्ड आहे त्याने लाजण्यासारखं काही केलेलं नाही.

30 जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिनी शपथा होतील, फेऱ्या निघतील. त्यासोबत आरोग्य खात्याने एक साधं परिपत्रक काढावं: कुष्ठरोगविषयक कोणतंही जुनं दप्तर पुराभिलेख संचालनालयाला (जुनी सरकारी कागदपत्रं सांभाळणाऱ्या खात्याला) विचारल्याशिवाय निर्लेखित करू नये, म्हणजे रद्दीत काढू नये. मग जिल्हावार यादी व्हावी आणि स्कॅनिंग सुरू व्हावं. कार्डांवरच्या आमच्या खुणा आणि लघुरूपं छापील कुठेच नाहीत, ती वाचणारे तंत्रज्ञ आता सत्तरीच्या आसपास आहेत. आमच्यातले बरेच जण जिल्ह्याच्या ठिकाणीच राहतात. बोलावलं तर मानधनाशिवाय येऊन बसू.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, वर्धा